आडोसा, ड्रम आणि ट्रकची वेळ : उन्हाळा २०२४ च्या प्रकल्प नोंदी

गाव चोपडा तालुक्यातलं, सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या पट्ट्यातलं. केळी, कापूस, थोडा हरभरा. उन्हाच्या तडाख्यातून गावची माणसं वाचवायला समिती केली, आम्ही सहा जण आहोत : मी ठिबकचं फिटिंग करतो, आशाताई (गावच्या आशा कार्यकर्त्या), शाळेचे विज्ञानाचे सर, केळी कापणीच्या टोळीचा मुकादम, डेअरीवाला, आणि नाना. नानांना कुणी बोलावलेलं नाही, पण बैठक त्यांच्याशिवाय झालेली नाही. वर्गणी जमली अठरा हजार चारशे. वही माझ्याकडे, म्हणून नोंदी माझ्या.

२५ फेब्रुवारी, रविवार

पहिली बैठक, डेअरीच्या ओट्यावर. कारण सगळ्यांना ठाऊक आहे, तरी लिहून ठेवतो. गेल्या मे महिन्यात कापणी चालू असताना टोळीतला एक जण घड खांद्यावर घेऊन भलत्याच दिशेला चालायला लागला. हाक मारली तर शिव्या देऊ लागला. सगळ्यांना वाटलं, सकाळीच घेऊन आलाय. त्याला बांधावरच्या निंबाखाली बसवलं आणि काम पुढे चालू. पाऊण तासानं कुणीतरी बघितलं तर डोळे फिरलेले. मग कांदा फोडून नाकाला, भाजलेल्या कैरीचा गर तळपायाला, तोंडात पाणी ओतणं, आणि शेवटी मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून तालुक्याला. माणूस वाचला, पण किडन्यांनी मार खाल्ला. आता तो किराणा दुकानात पुड्या बांधतो.

सरांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली. उन्हात राबणारा माणूस बरळायला लागला, चिडला, चाल बिघडली, तर आधी उष्माघात समजायचं, दारू नंतर. अंगाचं तापमान ४० च्या वर गेलं की मेंदू आधी बिघडतो. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हा समज चुकीचा. राबणाऱ्याला उष्माघातातही घाम असू शकतो. आणि शुद्ध गेलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं.

मुकादम सगळा वेळ खाली बघत होता. समितीत तो आपणहून आलाय, हे मुद्दाम नोंदवतो.

३ मार्च, रविवार

आधी मोजायचं, मग बोलायचं, असं सरांचं म्हणणं. चार थर्मामीटर आणले. दोन साधे टांगायचे. उरलेल्या दोघांच्या फुग्याला मलमलची चिंधी गुंडाळून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं, म्हणजे चिंधी कायम ओली. ओलं थर्मामीटर कोरड्यापेक्षा कमी दाखवतं. हवा जितकी कोरडी, तितका फरक मोठा. आपला घाम वाळून अंग थंड होतं त्याचा हा नमुनाच. नाना म्हणाले, "म्हणजे माठ." हो, माठच.

१२ मार्च

नऊ दिवस झाले. डेअरीच्या भिंतीवरचं थर्मामीटर रोज चढं येतंय. कारण सापडलं : भिंतीच्या पलीकडे चिलिंगच्या मशिनीची गरम हवा बाहेर पडते. ते आकडे बाद. आता सावलीत, भिंतीपासून लांब, छातीच्या उंचीवर, निंबाला टांगलंय.

१७ मार्च, रविवार

पत्र्यांना चुना. सुरुवात दोन घरांपासून. दोन्हीकडे म्हातारी माणसं एकटी दुपार काढतात. कळीचा चुना रात्री ड्रममध्ये विझवला. चुना विझताना उकळतो, वाफ डोळ्यांत जाते, म्हणून वेल्डिंगचा चष्मा लावला. सकाळी पत्रा झाडला, धुतला, मग दोन हात मारले. आजूबाजूची पोरं विचारत होती, लग्न कुणाचं आहे.

कल्पना आमची नाही. २०१० च्या मे महिन्यातल्या लाटेत अहमदाबादला खूप माणसं गेली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहरानं देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. तिथल्या झोपडपट्ट्यांमध्ये पत्रे पांढरे करण्याचं काम झालं आहे. ऊन परत फेकायचं, एवढंच.

२५ मार्च

धुळवड. काम नाही.

२ एप्रिल

रात्री वादळी पाऊस. अर्धा चुना वाहून दारासमोर पांढरं डबकं. नानांनी काही न बोलता फक्त तिकडे बघितलं. पुन्हा करायचं, या वेळी चुन्यात फेविकॉल घालून. पहिल्याच वेळी पेंटरला विचारायला हवं होतं.

६ एप्रिल, शनिवार

दुसरा चुना टिकलाय. दुपारी अडीचला एकाच ओळीतल्या दोन घरांत, खाटेच्या उंचीवर मोजलं. चुना नसलेल्या घरात ४२.५, चुन्याच्या घरात ३८.५. पंखा दोन्हीकडे चालू. चार अंश. त्या घरातली आजी म्हणते, "डोकावर तवा होता, तो उतरला." याहून चांगला अहवाल मला लिहिता येणार नाही.

नाना मात्र धाब्याच्या घरात राहतात. मातीच्या जाड भिंती, वर मातीचं धाबं. तिथे त्याच वेळी ३५. ते तेव्हापासून हेच ऐकवत फिरताहेत. त्यांचे दोन्ही मुलगे स्लॅबच्या घरात राहतात, हे मी त्यांना आठवून दिलं.

९ एप्रिल, गुढीपाडवा

सकाळी गुढीचा कडुनिंब, संध्याकाळी आशाताईंची यादी. घरोघर जाऊन त्यांनी चौपन्न नावं काढलीत : एकटी म्हातारी माणसं, गरोदर बायका, वर्षाच्या आतली लेकरं, आणि काही औषधं घेणारे. शेवटचा गट माझ्या डोक्यातच नव्हता. बीपीसाठी लघवीची गोळी घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी आणि मीठ आधीच कमी होत असतं. मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टरला विचारायचं, हे त्यांनी प्रत्येक घरात सांगितलंय. चौपन्न घरांपैकी सहा ठिकाणी तर गोळी कशाची आहे हेच माहीत नव्हतं. "पिवळी" एवढंच.

१४ एप्रिल, रविवार

मोठा वाद झाला तो केळीच्या बागेवरून. सगळे म्हणतात बाग गार असते, बागेत काम करणाऱ्याला कसलं ऊन. मी आणि सर दोन्ही थर्मामीटरं घेऊन गेलो. दुपारी एक वाजता.

बांधावर, निंबाखाली : कोरडं ४२, ओलं २३.५.
बागेत, आठ ओळी आत : कोरडं ३७.५, ओलं २६.५.

हवा साडेचार अंशांनी गार, हे खरं. पण ओलं थर्मामीटर तीन अंशांनी वर. बागेत ठिबकची ओल, पानांतून निघणारी वाफ, आणि वारा अडवायला चारी बाजूंनी शेवरी लावलेली. आपणच लावली, कारण गरम वाऱ्यानं पानं फाटतात आणि करपतात. पानं वाचली, पण आत वारा नाही. घाम निथळतो, वाळत नाही. त्यात वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत खेपा. बसलेल्या माणसाला बाग गार आहे. राबणाऱ्याला नाही.

मुकादम म्हणाला, "हे मला माहीत होतं. फक्त आकडा नव्हता."

जाता जाता : ठिबकची काळी नळी उन्हात पडलेली होती, तिचं टोक सोडून हात धुवायला गेलो आणि हात भाजला. आतलं पाणी मोजलं, ५४. हे लक्षात ठेवायचं.

१८ एप्रिल

पाण्याचे जार शेतात पोचवायला सुरुवात. झाकणाचे, तोटीचे, वीस लिटरचे. भोवती ओलं गोणपाट. आशाताई प्रत्येक जारमध्ये मेडिक्लोर, म्हणजे पाणी शुद्ध करायचं औषध, टाकतात. नियम सोपा : तहान लागायची वाट बघायची नाही, पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला. तासाला दीड लिटरच्या वर मात्र नको. नुसतं पाणीच पाणी प्यायलं तर अंगातलं मीठ पातळ होतं. म्हणून दहा वाजता मीठ घातलेलं ताक किंवा पन्हं.

ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात अख्खं टाकायचं. आमच्याकडे अर्धं अर्धं करून ग्लासात टाकतात, "कडक होतं" म्हणून. ते कडक नसतं, चुकीचं असतं. पाकीट नसेल तर एका लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोट्या चहाच्या चमच्यानं.

२३ एप्रिल

हिशेब जुळत नाही. पुरुषांच्या टोळीत नऊ जण, दोन जार संपवतात. शेतकामाला गेलेल्या चौदा बायका, त्यांचा एक जार अर्धा परत येतो. चार दिवस हेच. मला वाटलं पाणी गरम होतंय. डेअरीवाल्याला वाटलं मेडिक्लोरचा वास आवडत नसेल. सरांना वाटलं समजावून सांगायला कमी पडलो. सरांनी तक्तासुद्धा तयार केला.

आशाताई हसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही तिघं बांधावर थांबा, मी विचारते. विचारायचीसुद्धा गरज पडली नाही. ओळीतली सगळ्यात मोठी आक्का आमच्याकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "पानी पिसू ते जासू कथा?" (पाणी प्यायलं तर जायचं कुठे?)

शेत मोकळं. कापूस उपटून झालेला, पुढे नांगरलेलं रान, तापीपर्यंत नजर पोचते. पुरुष कुठेही पाठ फिरवून उभा राहतो. बायका पहाटे चारला घरून निघताना जाऊन येतात, त्यानंतर थेट दुपारी घरी. म्हणून पाणी पीतच नाहीत. तोंड ओलं करून चूळ टाकतात. चौदाच्या चौदा.

दरवर्षी एप्रिल-मेत जळजळीच्या तक्रारी येतात, आशाताई सांगत होत्या. आपण म्हणतो "उन्हाळी लागली" आणि सब्जा देतो. नाव उन्हाळ्याचं पडलंय, म्हणून आडोशाकडे कुणाचं लक्ष जात नाही.

एवढा चुना फासला, थर्मामीटरं टांगली, आणि हे दोन महिने आमच्या डोक्यात आलं नाही. समितीत सहापैकी पाच पुरुष आहेत, दुसरं काय होणार.

२५ एप्रिल

आडोसा क्रमांक एक : चार बांबू, भोवती हिरवी शेडनेट. माझ्याकडे शिल्लक होती म्हणून. उभा केला, लांबून छान दिसला. सूर्य पलीकडे गेल्यावर आतला बांबू न बांबू दिसायला लागला. बायका हसून हसून खाली बसल्या.

२७ एप्रिल

आडोसा क्रमांक दोन : निळी ताडपत्री. आरपार दिसत नाही. आत भट्टी. आक्का आत गेली तशी बाहेर आली.

३० एप्रिल

आडोसा क्रमांक तीन, आणि हाच शेवटचा. जुन्या सुती साड्या दुहेरी शिवून, वरून उघडा, खालून वीतभर मोकळा, दार वाऱ्याच्या उलट्या बाजूला. बांबूंना खालून अँगलचे टोकदार पाय वेल्ड केले, म्हणजे नांगरलेल्या रानातही रोवता येतो. गुंडाळून नऊ किलो. दोघी उचलतात, ट्रॉलीत जातो. आत एक खुरपं, खड्डा करून माती लोटायला. साड्या बायकांनीच दिल्या. खर्च बांबू आणि अँगलचा. चुन्यापेक्षाही कमी.

२ मे

चौदा बायका, आज एकतीस लिटर. परवापर्यंत दहा होतं. जार कमी पडला, डेअरीवाल्यानं दुसरा पोचवला.

४ मे

कापणीची वेळ. हा सगळ्यात अवघड विषय, कारण तो गावात ठरत नाही. ट्रक कधी लागणार ते व्यापारी ठरवतो, भाव रोजचा, माल उत्तरेला जायचा. ट्रक दुपारी तीनला लागणार असला की टोळी नऊला बागेत शिरते आणि ऐन उन्हात खेपा करते. मजुरी क्विंटलवर. बसलं की पैसे बुडतात. अशा माणसाला "दर तासाला सावलीत विश्रांती घ्या" सांगणं म्हणजे त्याची चेष्टा.

मुकादमानं तोडगा काढला. मजुरी टोळीची मिळून मोजायची, नऊ जणांत सारखी वाटायची. कायम दोघं सावलीत, सात जण कामावर, पाळी फिरती. एकट्याचं बसणं एकट्याच्या खिशातून जात नाही.

व्यापाऱ्याशी मी आणि नाना बोललो. माणसांचं सांगितलं, तो "हो ना, फार ऊन आहे" म्हणाला आणि फोन बघायला लागला. मग नाना म्हणाले, भर दुपारी कापलेला घड तापलेला असतो, तसाच ट्रकमध्ये भरला तर वाटेत लवकर पिकतो. पहाटे कापला तर गार जातो. व्यापाऱ्यानं फोन खाली ठेवला. उद्यापासून ट्रक सकाळी आठला लागणार. खरं तर त्यालाही हे माहीत होतं. कुणी मागत नव्हतं एवढंच.

पहाटे किती वाजता यावर पुन्हा चर्चा. चारला नको : बागेत घोणस असते, अंधारात पाचोळ्यात पाय टाकायचा नाही. साडेपाचला दिसायला लागतं. तेव्हा साडेपाच ते साडेदहा, उरलेलं संध्याकाळी पाचनंतर. तरी बॅटरी आणि गमबूट. गमबुटांचे पैसे बागायतदारांनी द्यावेत असं ठरलं. तिघांनी दिले.

७ मे

केळीला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचा पारा ठरलेल्या आकड्यावर ठरलेले दिवस सलग राहिला की बागायतदाराला भरपाई मिळते. मीही बाग असताना घेतली आहे. मुकादमानं आज विचारलं, "आणि आमचं?" गुजरातेत सेवा या संघटनेनं कष्टकरी बायकांसाठी २०२३ मध्ये असाच उष्णतेचा विमा सुरू केला, हे सरांनी सांगितलं. आपल्याकडे नाही. नोंद केली, पुढे काही करता आलं नाही.

१० मे, शुक्रवार, आखाजी (अक्षय तृतीया)

गावात माहेरवाशिणी, झोके, घागरी भरल्या, आमरस. समितीचं काम बंद ठेवलं होतं. आणि आजच आशाताईंना तीन घरून बोलावणं आलं. तिन्ही बायका चुलीपुढच्या. खापरावरचे मांडे करायचे म्हणजे पेटती चूल, वर पालथं खापर, पत्र्याचं छप्पर, आणि सकाळी नऊपासून एक वाजेपर्यंत पोळ्या. एकीला भोवळ आली, दोघींना मळमळ आणि पायात गोळे. गार जागी निजवलं, पाय उंच केले, ओल्या फडक्यानं अंग पुसलं, ओआरएस घोट घोट. अर्ध्या तासात बऱ्या. शुद्ध पूर्ण होती, म्हणून घरीच भागलं.

शेतातल्या उन्हाचा विचार केला, चुलीचा केला नव्हता. पुढच्या आखाजीला खापरं सामायिक, निंबाखाली, पहाटे लावायची, असं आशाताई म्हणतात. मी म्हटलं, पुरुषांना मांडे शिकवा. नाना उठून गेले.

१३ मे, सोमवार

लोकसभेचं मतदान. आखाजीला आलेली सुरतची, पुण्याची मंडळी मतदानापर्यंत थांबली. रांगेसाठी मंडप होता. आम्ही दोन जार ठेवले, चार वेळा भरले.

१९ मे, रविवार

प्रत्येक कापणीच्या जागी दोनशे लिटरचा एक ड्रम ठेवायचा का, यावर भांडण. प्यायला नाही, माणूस पडला तर अंगावर ओतायला. डेअरीवाला म्हणाला, बागेत ठिबक आहे, विहीर आहे, पाण्याला काय तोटा. मी ५४ अंशांची नळी आठवून दिली. शिवाय शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. या आठवड्यात रात्रीची आहे, दिवसा मोटार चालणारच नाही.

ड्रम ठेवायचा ठरला. सावलीत, ओलं गोणपाट गुंडाळून. उन्हातल्या ड्रमचं पाणी ४१, गोणपाटातल्याचं २९.

२२ मे, बुधवार

हे सविस्तर लिहितो.

टोळीतला एक जण भावाच्या लग्नाला गेला होता, त्याच्या जागी एक बावीस वर्षांचा पोरगा आला. सुरतला कारखान्यात काम करतो, आखाजीला आला तो अजून इथेच. धडधाकट. पण कारखाना सावलीतला. उन्हातल्या कष्टाची सवय अंगाला लागायला आठवडा-दोन आठवडे जातात. तोवर घाम उशिरा येतो, आणि येतो त्यातून मीठ जास्त जातं. नव्या माणसानं पहिल्या दिवशी पाचवा हिस्सा काम करायचं, मग रोज थोडं वाढवायचं, हे आम्ही वहीत लिहिलेलं आहे. मुकादमानं सांगितलंही. पण मजुरी नऊ जणांत सारखी वाटायची, म्हणून पोरगा म्हणाला, मी फुकट खाणार नाही. आमच्याच तोडग्यानं त्याला जास्त खेपा करायला लावल्या. हे आधी सुचलं नाही.

ट्रक उशिरा आला, काम साडेदहाला संपलं नाही. निंबाखाली ४३. अकराच्या सुमारास पोरगा घड रस्त्यावर ठेवून पुन्हा तोच उचलायला लागला. मुकादमानं विचारलं, "काय व्हयनं?" तो म्हणाला, "बस सुटेल." मुकादमानं त्याच क्षणी आरोळी दिली, काम थांबलं. या वेळी निंबाखाली बसवायला कुणी निघालं नाही.

चौघांनी उचलून सावलीत आणला, शर्ट-पँट काढली. एक जण ठिबकच्या व्हॉल्व्हकडे पळाला, त्याला परत बोलावलं. ड्रममधलं पाणी बादलीनं डोक्यापासून पायापर्यंत, थांबायचं नाही. दोघं केळीच्या पानांनी वारा घालताहेत. डेअरीवाला मोटारसायकलवर बर्फ घेऊन आला, तो फडक्यात बांधून मानेला, काखेत, जांघेत. १०८ ला फोन पहिल्या दोन मिनिटांत. तोंडात पाणी नाही, तापाची गोळी नाही. हा ताप आजाराचा नसतो, त्या गोळीनं उतरत नाही. कुणीतरी कांदा आणला होता. नानांनीच त्याच्या हातातून घेतला आणि खिशात घातला.

बारा मिनिटांनी पोरगा रडायला लागला. वीस मिनिटांनी आईचं नाव बरोबर सांगितलं. गाडी पस्तीस मिनिटांनी आली. आतल्या डॉक्टरांनी ताप मोजला, ३९.१. ते म्हणाले, गार करायचं काम तुम्ही केलंय, आता नेतो. ड्रममध्ये तळाला चार बोटं पाणी उरलं होतं.

२४ मे

पोरगा घरी आला. रक्त तपासलं, किडनी ठीक. दोन दिवसांनी पुन्हा तपासणी. त्याची आई माझ्या दुकानात येऊन काही न बोलता पन्ह्याची बाटली ठेवून गेली.

नियम बदलला : नव्या माणसाला पहिले पाच दिवस सावलीतलं काम, फण्या मोजणं, पाणी देणं, ट्रकमध्ये रचणं. वाटा तोच. टोळीनं मान्य केलं, दोघांनी कुरकुर केली.

२५ मे, शनिवार

आजपासून नवतपा, म्हणजे सगळ्यात तापणारे मानले जाणारे नऊ दिवस. आजपासूनच ३ जूनपर्यंत जिल्ह्यात उष्णतेसाठी कलम १४४, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, भर उन्हात उघड्यावर कामगारांना राबवू नका. हवामान खात्याच्या हिशेबानं मैदानी भागात ४५ गाठलं की उष्णतेची लाट, ४७ ला तीव्र लाट. आमच्या निंबाखाली आज ४५.५. नाना म्हणाले, नवतपा तापला नाही तर पाऊस पडत नाही. सर म्हणाले, याला आधार नाही. दोघंही घामानं भिजलेले.

आदेशाची प्रत मुकादमानं मागून घेतली. व्यापाऱ्याला दाखवायला कागद हवा होता.

२९ मे

रात्रीचं मोजायला हवं होतं, उशिरा सुचलं. रात्री अकरा वाजता : पत्र्याच्या घरात ३४, स्लॅबच्या घरात ३८. पत्रा तापतो तसा निवतो. स्लॅब दिवसभर ऊन पिऊन रात्री सोडतो. नानांच्या मोठ्या मुलाकडे कूलर आहे, पण खिडक्या बंद करून लावलेला. अशानं खोली दमट होते आणि कूलर काम करत नाही. बाहेरची हवा आत खेचली पाहिजे आणि समोरची खिडकी वीतभर उघडी पाहिजे. उघडली. अर्ध्या तासात तीन अंश उतरले. नानांची सूनबाई म्हणाली, दोन वर्षं सांगतेय.

यादीतल्या एकट्या म्हाताऱ्या माणसांकडे आता दुपारी तीनला आणि रात्री नऊला कुणीतरी डोकावतं. शाळा बंद, पोरं मोकळी आहेत. ती फक्त एवढंच बघतात : आजी नेहमीसारखी बोलतेय का, आणि मडक्यातलं पाणी सकाळपेक्षा कमी झालंय का.

३ जून

एका आजीचं मडकं भरलेलंच आढळलं. पोरगी रडत आशाताईंकडे आली. आजीला जिना चढून पाणी भरून आणावं लागत होतं, म्हणून जपून पीत होती. मडकं खाली आणलं.

११ जून, मंगळवार

रात्री पाऊस. निंबाखाली सकाळी २६.

हिशेब : वर्गणी अठरा हजार चारशे, खर्च सतरा हजार नऊशे साठ. चुना एकूण अकरा पत्र्यांना. ओल्या चिंधीचं एक थर्मामीटर फुटलं, बाटलीवर शेळी चढली. जार चार, त्यातल्या एकाची तोटी गेली. ड्रम तीन, दोन मी परत घेतले, ते दुकानात, एक बागेत राहू दिलाय. गमबुटांचे दोन बागायतदारांकडून येणे.

आक्कानं विचारलंय, निंदणी आता सुरू होईल, आडोसा पावसाळ्यातही मिळेल का. साड्या भिजून जड होतील, कापड बदलावं लागेल. दुसरा आडोसा मिरचीवाल्या बायकांनी मागितलाय. पहिल्याचे दोन बांबू नानांनी टोमॅटोला वापरले आहेत. उद्या जाऊन आणायचे.